हजेरीपटातली राजापेठ

अमरावतीच्या राजापेठेत खुशाल सरांचा क्लास कुठे म्हणून विचारलं, तर लोक पत्ता सांगत नसत, वेळ सांगत. "साडेसहाले या, आवाजानंच सापडन." आणि सापडायचाच. कापडाच्या दुकानावरच्या माडीतून तीस पोरंपोरी एका सुरात ओरडत, "ही लेट द कॅट आउट ऑफ द बॅग!" खाली अस्तराचं कापड फाडून घेणाऱ्या बायका छताकडे बघून म्हणत, "आज मांजरीचा धडा हाय वाटते."

खुशालराव निंभोरकर मूळचे कौंडण्यपुराजवळच्या एका नदीकाठच्या गावचे. घरी वांगी, मेथी आणि झेंडू. इंग्रजीशी त्यांची ओळख झाली ती अपमानातून. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धा होती. खुशालराव स्टेजवर चढायला निघाले, तेवढ्यात इंग्रजीच्या प्राध्यापकांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ब्रेक अ लेग!" तंगडी मोड. खुशालराव भाषण न करताच मागच्या दाराने बाहेर पडले आणि थेट गावच्या एसटीत जाऊन बसले. ती शिवी नसून शुभेच्छा होती, रंगमंचावर जाणाऱ्याला इंग्रज असंच म्हणतो, हे त्यांना आठ दिवसांनी कळलं. त्यातून ते दोन गोष्टी शिकले. एक, इंग्रज जे बोलतो ते त्याच्या मनात नसतं. आणि दोन, या बाबतीत तो थेट वऱ्हाडातल्या व्याह्यासारखा आहे. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

पुढे शाळेत नोकरी लागली, संध्याकाळी माडीवर क्लास सुरू झाला, आणि सरांची एक खास पद्धत तयार झाली. गाईडात लिहिलेलं असतं, कोल्ड शोल्डर देणे म्हणजे उपेक्षा करणे. आता उपेक्षा म्हणजे काय हेच पोरांना माहीत नसतं! सर म्हणायचे, "अर्थ पाठ करू नोका रे. मानूस पाठ करा." प्रत्येक वाक्प्रचाराला ते गल्लीतलं एक जिवंत माणूस बांधून द्यायचे. कोल्ड शोल्डर म्हणजे माणिकबाई. विहीण दारात येऊन उभी राहिली आणि या मान खाली घालून मेथी निवडत बसल्या. निवडून झाली, तर निवडलेलीच मेथी पुन्हा निवडायला घेतली. व्हाइट एलिफंट म्हणजे महादेवरावांचं सॉफ्टी आइस्क्रीमचं मशीन. हौसेनं आणलं, घरच्या लाइटला त्याचा लोड झेपेना, परत न्यायला कोणी येईना, आता त्याच्यावर सुनेच्या साड्या वाळतात. टर्न अ ब्लाइंड आय म्हणजे बागेतल्या जोडप्यांना हटकणाऱ्या मंडळाचा किशोर. धाकट्या भावाची मोटरसायकल त्याच्या नाकासमोरून जाते, पण मागे बसलेली मुलगी त्याला आजतागायत दिसलेली नाही.

पोरं पोट धरून हसत. आणि हसत शिकलेलं पोर परीक्षेत विसरत नाही, एवढा सरांचा अनुभव होता.

हे सगळं सर लिहून ठेवत, आणि तेही कशात, तर हजेरीपटात. शाळेची एक तुकडी बंद पडली तेव्हा शिपायाने चार कोरे हजेरीपट त्यांना काढून दिले होते. डावीकडे 'विद्यार्थ्याचे नाव' असा रकाना, त्यात माणसाचं नाव. उजवीकडे तारखांच्या चौकटी, त्यांच्यावरून आडवा वाक्प्रचार, अर्थ आणि घडलेला प्रसंग. तीस वर्षांत तीनशे साठ जण पटावर आले आणि गैरहजर एकही नाही. वर्गात बोलताना सर तारतम्य ठेवत. माणिकबाईंसारखं हसण्यावारी नेण्याजोगं असेल तर नाव घेत, नाजूक असेल तर "एक बाई होती" म्हणून भागवत. हजेरीपटात मात्र नाव, गाव, गल्ली सगळं खरं. नाव काढलं की प्रसंगाचा जीव जातो, असं त्यांचं म्हणणं.

आता एवढी राजापेठ सरांना कळायची कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला असेलच. सर तर शाळेतून क्लासला आणि क्लासमधून घरी. कळायची ती कौशल्याबाईंमुळे. सरांच्या या पत्नी साडीला फॉल-बिडिंग करून द्यायच्या. त्यामुळे राजापेठ आपल्या पायांनी त्यांच्या ओसरीवर येऊन बसे आणि मशीनच्या खडखडाटात मन मोकळं करून जाई. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता कौशल्याबाई सगळं नवऱ्याच्या कानावर घालत. सर जेवत, मान हलवत, "मंग? मंग काय झालं?" विचारत. हात धुतले की हजेरीपट उघडत. कौशल्याबाईंना वाटे, पोरांचं काहीतरी काम असेल.

या घरात नितेश गावंडे आला तो सतरा वर्षांचा असताना, बाळापूरहून. हुशार, बोलका, आणि डोळ्यांत एक प्रकारची भूक. सरांनी त्याला पुढची खोली दिली, कौशल्याबाईंनी ताट दिलं. दोन वर्षं राहिला. सरांचा हजेरीपट त्याला तोंडपाठ झाला, सरांच्या आवाजातले चढउतारसुद्धा. पुढे त्याने अकोल्यात स्वतःचा क्लास काढला, तो वाढला, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरू लागले. सर लोकांना दाखवत, "हा आपल्या घरचा."

दीड वर्षापूर्वी सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा नितेश भेटायला आला. टेबलावरचे हजेरीपट चाळत म्हणाला, "सर, हे असे उघड्यावर ठेवता? वाळवी लागन याले."

"आमच्या घरी वाळवी नाई."

"मी टाइप करून आनतो. पुस्तक काढू आपण. कव्हरवर मोठ्या अक्षरात तुमचं नाव, खाली बारीक, सहाय्य नितेश. चालन ना?"

"बारीक कावून?" डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले सर उदार होऊन म्हणाले. "जरा ठळक टाकू तुहं बी."

कौशल्याबाईंनी चारही हजेरीपट जुन्या टॉवेलात गुंडाळून दिले, वर लिंबाच्या लोणच्याची बरणी. त्यानंतर सर महिन्याला एक फोन करत आणि नितेश महिन्याला एकच उत्तर देई, "काम चालू हाय सर."

काम चालू होतं, ते खोटं नव्हतं. एका सोमवारी क्लासमधली प्रणाली एक नवंकोरं पुस्तक घेऊन आली. तिची मावसबहीण अकोल्याला शिकायची. "सर, गावंडे सरांनी पुस्तक काढलं. तुमच्यासारखंच शिकवतात हो ते, सेम टू सेम!"

कव्हरवर नितेश हाताची घडी घालून उभा. 'तीनशे साठ वाक्प्रचार. लेखक प्रा. नितेश गावंडे.' सरांनी मधलंच एक पान उघडलं. माणिकबाई मेथी निवडत होत्या. पुढच्या पानावर महादेवरावांचं मशीन. स्वल्पविरामसुद्धा सरांचेच. आभाराच्या पानावर आईवडील होते, प्रकाशक होता, कुठला तरी जिम ट्रेनर होता, आणि शेवटी एक ओळ होती. 'अमरावतीतील काही ज्येष्ठांशी मारलेल्या गप्पांचाही उपयोग झाला.'

सरांनी ती ओळ तीनदा वाचली. काही ज्येष्ठ म्हणजे आपण. गप्पा म्हणजे आपली तीस वर्षं.

"सर, बरं नाई वाटून राहिलं का?" प्रणालीने विचारलं.

"बरं हाय. आज सुटी घ्या."

माडीवरून त्या संध्याकाळी आवाज आला नाही. खाली कापड दुकानदाराने वर येऊन बघितलं, काही कमीजास्त तर झालं नाही ना.

दुसऱ्या दिवशी डोळे तपासून येतो असं घरी सांगून सर अकोल्याच्या एसटीत बसले. नितेशला काय बोलायचं याची त्यांनी तयारी केली होती, आणि तीही इंग्रजीतून. यू स्टॅब्ड मी इन द बॅक. पाठीत सुरा खुपसलास. आजवर हा वाक्प्रचार त्यांनी पंधराशे पोरांना शिकवला असेल, पण स्वतःसाठी वापरायची वेळ पहिल्यांदाच येत होती. वाटेत ते प्रणालीकडून मागून घेतलेलं पुस्तक पुढे चाळू लागले, आणि मूर्तिजापूर यायच्या सुमाराला एकशे बाराव्या पानावर त्यांचा अंगठा थांबला. 'पुट अ ब्रेव्ह फेस ऑन.' समोर छापलं होतं, 'गोदाबाई, राजापेठ.'

आपलं नाव नाही या दुःखात दुसऱ्यांची नावं आहेत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. गोदाबाई त्यांच्या समोरच्या घरात राहायच्या. त्या पानावर जे होतं ते सगळ्या राजापेठेत फक्त कौशल्याबाईंना ठाऊक होतं. एका दुपारी मशीन बंद करून, दार लोटून ऐकलेलं. आणि त्या संध्याकाळी, पोळ्या लाटताना, फक्त नवऱ्याला सांगितलेलं.

नितेशचा क्लास तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराचा. सरांना बघताच तो उठून आला आणि इतक्या झटकन पाया पडला की सरांचं इंग्रजी वाक्य घशातच राहिलं.

"या सर, या! अरे, सरांसाठी च्या सांगा. बिस्किटं आना चांगले."

"नितेश, हे काय हाय?"

"पुस्तक हाय सर. तुमाले कॉपी पाठवनारच होतो मी."

"माहं नाव कुठं हाय?"

"प्रकाशक म्हणे चेहरा पाह्यजे." नितेश अगदी प्रेमाने समजावत होता. "पोट्टे मले पाह्यतात मोबाइलवर. तुमाले कोन पाह्यते, सांगा बरं? राग नोका मानू."

"दोन वर्षं जेवला तू माह्या घरी."

"विसरलो नाई सर. काकूच्या हातचं लोणचं अजून पुरवून खातो."

"मले टोपी घातली ते घातली. नावं तरी बदलवाची होती! गोदाबाईचं नाव कावून ठेवलं?"

"मी कुठं ठेवलं?" नितेशला खरंच आश्चर्य वाटलं. "टाइपवाल्यानं पहिल्या रकान्यापासून सुरू केलं. 'विद्यार्थ्याचे नाव' म्हणून तुमीच लिवलं होतं, तुमच्या अक्षरात."

नितेशने खुर्ची पुढे ओढली आणि मोबाइल हातात घेतला. "असं करू. पुढच्या छपाईत तुमचं नाव टाकतो. कव्हरवर, माह्या वर. आत्ता फोन लावतो. पन इचार करून सांगा. आज काय हाय, नितेश गावंडे बाळापूरचा पोट्टा. त्याले राजापेठेतली गोदाबाई काय ठाऊक? लोक म्हनतीन, मनानंच नाव घेतलं असन. पन खुशालराव निंभोरकर नाव लागलं का, सर? समोरचंच घर. सारी गल्ली चष्मे लावून वाचन. लावू फोन?"

सर त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"मी तं तुमाले वाचवून राहिलो, सर," नितेश म्हणाला. यातलं सगळ्यात वाईट हे की ते त्याला मनापासून खरं वाटत होतं. चहा आला. सांगू नये, पण सांगितलंच पाहिजे, की खुशाल सरांनी तो चहा प्यायला आणि वर दोन बिस्किटंही खाल्ली.

घरी आल्यावर कौशल्याबाईंनी विचारलं, "काय म्हने डाक्टर?"

"दिसते म्हने बरोबर."

दोन दिवस असे गेले. क्लास सुरू झाला, पण सर गाईडातले अर्थ वाचून दाखवू लागले. पोरं एकमेकांकडे बघत. सरांच्या डोक्यात एकच हिशेब घोळत होता. नाव मागावं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही, न मागावं तर जन्मभराचं काम दुसऱ्याच्या बारशात गेलं. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली. राहू दे. राजापेठेत कोण अकोल्याची पुस्तकं वाचतंय!

पुस्तक नव्हतंच वाचलं कोणी. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला गोदाबाई आल्या त्या मोबाइल हातात धरून. मोबाइल त्यांच्या मुलीचा, हर्षाचा. त्यात नितेशचा, त्याच्या पुस्तकाच्या जाहिरातीचा व्हिडिओ होता, आणि नितेश टाळी वाजवून सांगत होता, "तं पोट्टेहो, गोदाबाईचा नवरा म्हंजे कोन? नऊ नंबरची चप्पल!" मागून पोरांच्या हसण्याचा लोट आला.

गोदाबाईंनी सरांकडे बघितलंही नाही. त्या सरळ मशीनपाशी गेल्या. "ताई, तुले सोडून मी कोनाले सांगतलं होतं का? सांग मले."

कौशल्याबाईंच्या हातातली साडी खाली पडली. "माह्या गळ्याची शपथ गोदे. नितेशले म्या एक शब्द सांगतला नाई."

"मंग त्याले सपन पडलं का? दोन वर्षं तुह्याच ओसरीत बसे तो. माही पोरगी दगडावानी चूप बसली हाय घरात. बारा वर्षं सांभाळलं म्या हे."

"गोदे, माहं ऐक..."

आणि मध्येच कौशल्याबाई थांबल्या. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच. आपण आणखी एकाच माणसाला सांगितलं होतं, हे त्यांना आठवलं. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि मान खाली घातली. नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

सर बनियनवर, हातात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. आणखी पाच मिनिटं ते गप्प बसते, तर सगळं आपोआप मिटलं असतं. कौशल्याबाई बोलघेवड्या ठरल्या असत्या, नितेश लुच्चा ठरला असता, आणि सर दोघांकडूनही फसलेले बिचारे गृहस्थ म्हणून सुटले असते.

"गोदाबाई," सर म्हणाले, "ते पुस्तक माहं हाय."

हे वाक्य त्यांनी दीड वर्ष घोळवलं होतं. गळ्यात हार, समोर माईक, पहिल्या रांगेत राजापेठ, असं सगळं मनाशी धरून.

"तुमचं कसं? वर तं त्या पोट्ट्याचं नाव हाय म्हने."

"त्यानं चोरलं. लिवलं म्या. तुमचं बी म्याच लिवलं. तिची काई चूक नाई."

गोदाबाई हळूच पाटावर टेकल्या. "काय लिवलं? वाचा."

"राहू द्या ना गोदाबाई."

"वाचा म्हनलं ना भाऊजी!"

सरांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि वाचलं. "पुट अ ब्रेव्ह फेस ऑन. म्हणजे आतून मोडलेलं असताना वरून धीराचा चेहरा ठेवणे. गोदाबाई, राजापेठ. नवरा अकोल्याला कापसाच्या जिनिंगवर मॅनेजर आहे, सुटी मिळत नाही, असं त्या सांगतात. त्याने तिथे दुसरं घर केलं त्याला कितीतरी वर्षं झाली. गोदाबाई दर दिवाळीला नऊ नंबरची नवी चप्पल आणून दाराशी ठेवतात आणि रोज सकाळी तिची जागा बदलतात. गल्ली म्हणते, रात्री येऊन गेले वाटतं. गोदाबाई म्हणतात, हो, घाईत होते."

बाहेर एक भाजीवाला "कोथिंबीर" म्हणून ओरडत गेला.

"लिवतांनी हासले होते का तुमी?"

"नाई."

"तो पोट्टा हासते."

"त्याले ते समजलंच नाई, गोदाबाई."

"लिवलं चांगलं," गोदाबाई उठत म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "पन भाऊजी, तुमाले म्या सांगतलंच नव्हतं." दारात जाऊन त्या वळल्या. "आता तुमचंच नाव टाका त्याच्यावर. मले तं समजाले पाह्यजे, भांडाचं कोनाशी!"

सरांनी त्या दिवशी नितेशला पाच फोन केले. माझं नाव टाक आणि ते पान काढ, एवढंच सांगायचं होतं. पाचव्याला उत्तर आलं ते लेखी. 'इन अ मीटिंग. विल कॉल यू लेटर, सर.' तो फोन काही आला नाही.

कौशल्याबाई रागावून ओरडतील अशी सरांना आशा होती. त्या ओरडल्या नाहीत. ताट वाढलं, समोर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तीस वर्षं मले वाटे, तुमी माहं ऐकून राहिले. तुमी तं लिवून राहिले होते."

"अवो, तुह्यामुळंच तं..."

"मंग माहं नाव कुठं होतं तुमच्या त्या हजेरीत?"

तीनशे साठ नावं सरांना पाठ होती. त्यांनी मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी म्हणून बघितली. पोळी ताटात वाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दारात चप्पल नव्हती. गल्लीने काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. चार दिवस म्हटलं, मग महादेवरावांनी पुन्हा लावून बघितलेल्या मशीनने पेट घेतला आणि गल्ली तिकडे वळली. गोदाबाई आठ दिवस आल्या नाहीत. नवव्या दिवशी कौशल्याबाईच गेल्या, हातात वाटीभर काहीतरी झाकून. सरांनी खिडकीतून बघितलं. दार लगेच उघडलं नाही, पण उघडलं. मग दोघी ओट्यावर बसल्या, आधी लांब, मग जवळ. गोदाबाई काहीतरी हळू आवाजात सांगू लागल्या. कौशल्याबाईंनी तोंडावर हात ठेवला, त्यांचे डोळे मोठे झाले, मग खांदे हलले. हसत होत्या की रडत होत्या, काचेतून कळेना.

सरांना राहवलं नाही. चष्मा घातला, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत आले. फाटकाचा आवाज झाला तशा दोघी एकदम गप्प झाल्या आणि त्यांच्याकडे बघू लागल्या, गल्लीत नवीनच राहायला आलेल्या माणसाकडे बघावं तशा.

"काई काम होतं का?" कौशल्याबाईंनी विचारलं.